काका बॅप्टिस्टा : उत्तनचे मूळ, माझगावचे घर



दर वर्षी ८ सप्टेंबर रोजी आपण पवित्र मरियामातेच्या जन्माचा सण साजरा करतो. त्या दिवशीच्या मिस्सासाठी संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय नेमलेला आहे. त्यात अब्राहामापासून योसेफापर्यंत नावांची लांबलचक रांग आहे. वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष भरकटते. तरीही मत्तयने आपल्या लेखनाची सुरुवात तिथूनच केली. त्या रांगेत दावीद राजा आहे, तशीच तामार आहे, राहाब आहे आणि परक्या मुलुखातून आलेली रूथही आहे. लूक तर ती रांग थेट आदामापर्यंत नेऊन भिडवतो. आपला तारणारा एका कुळात, एका गावात, एका लोकसमूहात जन्मला, हे सांगितल्याशिवाय त्याची कथा पुढे जात नाही.

याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाची पुण्यतिथी येते. त्यांचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा. महाराष्ट्र त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणून ओळखत असे. आज आपल्या धर्मग्रामातील किती तरुणांना हे नाव ठाऊक असेल, याची आम्हाला शंका वाटते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे आणि त्यानिमित्ताने आपापल्या घराण्यांचा शोध कसा घ्यावा, याविषयीही दोन शब्द लिहावेत, असे आम्ही ठरवले.

उत्तनहून माझगावला

जोसेफ यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. १७ मार्च हा आयर्लंडचे पालक संत पॅट्रिक यांचा सण, आणि दोनच दिवसांनी, १९ मार्चला, संत योसेफाचा सण. संताच्या सणावरून मुलाचे नाव ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. नावाचा हा धागा योसेफाकडे जातो आणि जन्मदिवसाचा आयर्लंडकडे. पुढे या दोन्हींचा संबंध त्यांच्या कार्याशी कसा आला ते आपण पाहणारच आहोत.

त्यांचे वडील जॉन बॅप्टिस्टा हे भाईंदरजवळच्या उत्तनचे. बोरिवलीहून गोराईची होडी पकडून पुढे गेले की उत्तन लागते. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे तिथे आहेत. समुद्र, मासळी आणि भातशेती यांवर जगणारे ते गाव. १९व्या शतकात मुंबई शहर झपाट्याने वाढू लागले. गोद्या, कापसाच्या पेढ्या, गिरण्या, सरकारी कचेऱ्या, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी, या सगळ्यांना लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती. साष्टीतील आणि वसईतील ख्रिस्ती कुटुंबे एकेक करून शहराकडे सरकू लागली. माझगाव बंदराला लागून होते आणि तिथे आपल्या लोकांची जुनी वस्ती होती. पाखाडी म्हणजे गावातली एक आळी. म्हातारपाखाडीतील लाकडी कठड्यांची घरे आणि मधला क्रूस आजही पाहता येतो.

उत्तन आणि माझगाव यांत अंतर फार नाही, पण इतिहास मात्र वेगळा आहे. १५३४च्या वसईच्या तहाने हा सारा किनारा पोर्तुगीजांकडे गेला. मुंबईची बेटे १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात आली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि हा मुलूख मराठ्यांच्या राज्यात आला. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. म्हणजे उत्तनच्या एखाद्या कुटुंबाने अडीचशे वर्षांत तीन राज्ये पाहिली. राज्ये बदलली तरी घरातली मराठी बोली बदलली नाही, श्रद्धाही बदलली नाही. वसईच्या पाडावानंतर बहुतेक युरोपियन धर्मगुरू निघून गेले. तेव्हा गावोगावचे चर्च आणि तिथल्या नोंदवह्या सांभाळल्या त्या प्रामुख्याने इथल्या मातीतील धर्मगुरूंनी आणि सामान्य भाविकांनी.

नोंदवही काय सांगते

इथे थोडे थांबून नोंदवह्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण चर्चच्या कार्यालयात जुनी नोंद विचारायला येणारे पुष्कळ असतात. कुणाला जमिनीच्या कामासाठी हवी असते, कुणाला परदेशी जाण्यासाठी, तर कुणाला केवळ आपले मूळ जाणून घ्यायचे असते.

१५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार आणि विवाह यांची नोंदवही ठेवण्याचा नियम केला. सरकारी जन्मनोंदणी त्यानंतर तीन शतकांनी आली. आपल्याकडे पोर्तुगीज परंपरेतील चर्चमध्ये नोंदी पोर्तुगीजमध्ये, तर इतरत्र लॅटिनमध्ये सापडतात. तिथे जोसेफ शोधायला गेलात तर सापडणार नाही. पोर्तुगीजमध्ये तो जुझे होतो आणि लॅटिनमध्ये योसेफुस. जॉनचा जुआंव किंवा योहान्नेस होतो. आडनावावर तर मुळीच विसंबू नये. धर्मांतराच्या काळी स्नानसंस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव अख्ख्या वस्तीने घेतल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे एकाच गावातील दोन बॅप्टिस्टा किंवा दोन परेरा यांचा रक्ताचा संबंध असेलच असे नाही. खरा उपयोग होतो तो धर्ममातापित्यांच्या नावांचा. धर्मपिता बहुधा मामा, काका किंवा जवळचा शेजारी असे. त्याच्या नावावरून घराणे ओळखू येते. १९०७ साली रोमने नवा नियम केला आणि स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी त्या व्यक्तीच्या विवाहाची नोंद करणे बंधनकारक झाले. त्यामुळे विसाव्या शतकातील नोंदींत पुढचा दुवाही तिथेच मिळतो.

माझगावच्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे ग्लोरिया, रोझरी आणि सेंट अ‍ॅन अशी तीन चर्च होती. १७९४पासून मुंबईतील काही चर्च पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदोखाली आणि काही रोमच्या प्रोपगंडाखाली होती. शेजारी-शेजारी राहणारी भावंडे वेगवेगळ्या चर्चला जात. साष्टीची चर्च आधी गोव्याच्या आणि १८८६नंतर दमणच्या धर्मप्रांतात होती. हा दुहेरी कारभार १९२८ साली संपला आणि साष्टी मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. माझगावचे १६३२ सालचे ग्लोरिया चर्च १९११ साली पाडण्यात आले आणि १९१३ साली भायखळ्याला नवे उभे राहिले. एका नावामागे जाताना किती दारे ठोठवावी लागतात, हे यावरून कळेल.

अभियंता, मग बॅरिस्टर

जोसेफ यांचे शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. पुढे त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि जंगल खात्यात अभियंता म्हणून नोकरी केली. त्या काळच्या ख्रिस्ती घराला याहून अधिक काय हवे होते? सरकारी नोकरी, मान आणि पेन्शन. पण त्यांचे मन तिथे रमले नाही. ते इंग्लंडला गेले, केंब्रिजमध्ये राज्यशास्त्र शिकले आणि बॅरिस्टर झाले.

आयर्लंडला स्वराज्य द्यावे की नाही, हा त्या काळातला इंग्लंडमधील ज्वलंत प्रश्न होता. १८८६ आणि १८९३ साली पार्लमेंटात त्यासाठी विधेयके आली आणि दोन्ही फेटाळली गेली. आयर्लंडही कॅथॉलिक, तोही इंग्रजांच्या ताब्यात. तिथली होमरूलची चळवळ जोसेफ यांनी बारकाईने पाहिली. असेच काही हिंदुस्थानात का होऊ नये, हा विचार घेऊन ते मुंबईला परतले. १९०१ साली ते मुंबई महानगरपालिकेत गेले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी शहराचे काम केले.

आपल्या समाजाची तेव्हाची स्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी आणि कंपनीच्या काळापासून आपण इंग्रजांची चाकरी करत आलो हे दिसावे, म्हणून इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी त्या निमित्ताने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. त्यात लबाडी नव्हती. घरची चूल त्या नोकऱ्यांवर पेटत होती. अशा समाजातील सुशिक्षित माणसाने सरकारविरुद्ध उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. बॅप्टिस्टा उभे राहिले.

टिळकांच्या सोबतीने

लोकमान्य टिळक आणि बॅप्टिस्टा यांची मैत्री हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक सुंदर अध्याय आहे. एक चित्पावन ब्राह्मण, गीतेचा भाष्यकार. दुसरा उत्तनच्या कुळातील कॅथॉलिक. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या मदतीला उभ्या राहिलेल्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या खटल्यातही बॅप्टिस्टा यांनी बचावाचे काम केले. त्या दिवसांत राजद्रोहाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर सरकारी नजर ओढवून घेणेच होते.

१९१४ साली टिळक मंडालेहून सुटून आले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. लीगचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे घेतले नाही. ते बॅप्टिस्टा यांच्याकडे आले आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. अ‍ॅनी बेझंट यांची लीग त्यानंतर काही महिन्यांनी निघाली. १९१७ साली बॅप्टिस्टा लीगच्या कामासाठी इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना त्यांनी हिंदुस्थानची बाजू पटवून दिली. महायुद्धाच्या त्या काळात बोटीचा प्रवासदेखील जिवावरचा होता.

कित्येकदा आपल्याला विचारले जाते की ख्रिस्ती लोकांनी देशासाठी काय केले. हा प्रश्न कधी अज्ञानातून येतो, कधी कुत्सितपणे. त्याला रागाने उत्तर देण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या स्वराज्याच्या पहिल्या संघटनेचा पहिला अध्यक्ष म्हातारपाखाडीत जन्मला होता, एवढे सांगावे. पण ते सांगता येण्यासाठी आधी आपल्याला ते ठाऊक असायला हवे.

कामगारांचे काका

संत योसेफ हा सुतार, कष्टकऱ्यांचा आश्रयदाता. त्याचे नाव धारण करणाऱ्या या बॅरिस्टरच्या आयुष्याचा शेवटचा मोठा भाग कामगारांसाठी खर्ची पडला. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. कामगारांना योग्य वेतन मिळाले पाहिजे आणि संघटना उभारण्याचा त्यांना नैसर्गिक हक्क आहे, अशी शिकवण त्यांनी दिली. आपल्या देशात मात्र संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६च्या कायद्याने. त्याआधी संप घडवणाऱ्या पुढाऱ्यावर मालक दिवाणी दावा लावू शकत असे. मद्रासमध्ये तसे घडलेही. अशा काळात बॅप्टिस्टा गिरणी कामगारांच्या आणि पोस्टमनांच्या बाजूने उभे राहिले.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, स्थापन झाली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली होती आणि तिथे हिंदी कामगारांचा प्रतिनिधी पाठवण्यासाठी देशभराची एक संस्था हवी होती. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले; त्यांच्या बरोबरीने या संस्थेच्या उभारणीत बॅप्टिस्टा यांचा मोठा वाटा होता. १९२१ साली झरिया येथील दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. तो कोळशाच्या खाणींचा प्रदेश. खाणमालकांचा विरोध असूनही हजारो खाणकामगार तिथे जमले. १९२४ साली ते जिनिव्हाच्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

काका ही पदवी त्यांना कुठल्या सरकारने दिली नाही, ती लोकांनी दिली. आपल्या मराठी घरात काका म्हणजे वडिलांच्या पाठीशी उभा असलेला माणूस. रागावतो, पण अडीनडीला धावून येतो. ज्याचा आपल्याशी रक्ताचा काही संबंध नाही अशा माणसाला हजारो कष्टकरी काका म्हणू लागले, तेव्हा घराणे या शब्दाचा अर्थच मोठा झाला.

१९२५ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. याच पदाला १९३१पासून महापौर म्हणू लागले. १८ सप्टेंबर १९३० रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ भंडारवाड्याच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. तिथून म्हातारपाखाडी हाकेच्या अंतरावर आहे.

आपला वारसा कोणता?

संत थॉमस अक्विनास यांनी सद्गुणांच्या विवेचनात एक फार महत्त्वाचा विचार मांडला आहे. देवाच्या खालोखाल माणूस ऋणी असतो तो आपल्या मातापित्यांचा आणि आपल्या देशाचा, कारण त्यांच्यामुळे आपण जन्मलो आणि वाढलो. या दोन्ही ऋणांना त्यांनी एकाच सद्गुणात बसवले. पूर्वजांचा शोध घेणे आणि देशासाठी झिजणे ही दोन वेगळी कामे नव्हेत, हे काकांच्या जीवनातून आम्हाला पटते. केवळ पूर्वजांचा अभिमान बाळगून तो सद्गुण पुरा होत नाही. त्यांचे ऋण पुढच्यांसाठी काही करून फेडावे लागते.

आपला धर्मग्राम आज मिश्र आहे. गावठाणातील जुने ईस्ट इंडियन आहेत, वसईचे आहेत, कोकणातून आलेले आहेत, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही आहेत. कुणाची नोंद साडेतीनशे वर्षे मागे जाते. कुणाच्या घरात पहिला स्नानसंस्कार १९व्या शतकाच्या अखेरीस एखाद्या दुष्काळाच्या वर्षी झाला. आमचे घराणे जुने, तुमचे नवे, अशी भाषा कधीमधी कानावर येते. ती आपल्याला शोभत नाही. ज्या पणजोबाने किंवा पणजीने जातीची अवहेलना सोसून, गावाचा बहिष्कार पत्करून ख्रिस्ताचा हात धरला, ती माणसेही आद्यपुरुष आणि आद्यस्त्रियाच आहेत. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बॅरिस्टरला एक ओळ मिळते आणि भांडी घासणाऱ्या बाईलाही एकच ओळ मिळते.

आणि काकांचे नाव घेताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. आपल्या घरी काम करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, कंत्राटावर राबणारा तरुण, यांना आपण योग्य वेतन आणि आठवड्याची सुट्टी देतो काय? घराण्याचा वंशवृक्ष भिंतीवर टांगून हा प्रश्न सुटत नाही.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना जवळ येत आहे. तोवर प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे : घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसून आजी-आजोबा आणि पणजी-पणजोबा यांची नावे, गाव, घराण्याचे जुने नाव आणि धर्ममातापित्यांची नावे एका वहीत लिहून घ्यावीत. माहेरकडची नावे विसरू नयेत. मत्तयने स्त्रियांची नावे गाळली नाहीत. नोंदवहीत शोध हवा असल्यास अंदाजे वर्ष आणि गावाचे नाव लिहून कार्यालयात अर्ज द्यावा. जुनी पाने हाताळण्याने तुटतात, म्हणून नोंद कार्यालयातील माणसेच शोधून देतील. त्या वहीतील नावे नोव्हेंबरच्या मिस्सासाठी आमच्याकडे द्यावीत. वेदीवर ती ठेवली जातील.

१८ सप्टेंबरला संध्याकाळच्या रोझरीत जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या आत्म्यासाठी आणि सर्व कष्टकऱ्यांसाठी एक दशक अर्पण करावे, ही विनंती. संत योसेफ आपल्या सर्व घरांचे रक्षण करो.

आपले प्रमुख धर्मगुरू